उरलंसुरलं

आहारतज्ज्ञ एक वही ठेवायला सांगतात. दिवसभरात जे जे पोटात जाईल ते तिच्यात लिहायचं. मी ती इमानेइतबारे लिहायचे. सकाळी वाटीभर उपमा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण, मूठभर भात. वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई जवळजवळ उपाशीच राहते, मग हिचं वजन वाढतं तरी कशानं? त्या वहीत ताटातलं सगळं यायचं. ओट्यावरचं यायचं नाही.

ओट्यावरचं म्हणजे सगळे हात धुऊन टीव्हीसमोर गेल्यावर मागे राहतं ते. भाताच्या पातेल्याच्या तळाशी दोन घास. डब्यात अर्धी पोळी, कारण कुणीतरी "अर्धीच दे" म्हणालेलं असतं. आमटी चमचाभर, फ्रीजमध्ये ठेवायला लाज वाटावी इतकी थोडी आणि मोरीत ओतवणार नाही इतकी जास्त. आणि कढई. बटाट्याची भाजी संपली तरी कढईच्या कडेला मसाल्याचा खरपूस थर चिकटलेला असतो. ती उरलेली अर्धी पोळी घ्यायची, तिनं कढई गोल पुसत यायची आणि तो तेलकट, खमंग घास उभ्याउभ्याच तोंडात टाकायचा. खरं सांगायचं तर अख्ख्या जेवणातला सर्वांत चविष्ट घास तोच. पण त्याला कुणी जेवण म्हणत नाही. ती आवराआवर.

माझं माहेर करमाळा तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात मी तीन-चार वर्षांची होते, त्यामुळे मला आठवतं ते दुष्काळापेक्षा दुष्काळाचं सांगणं. आज्जी आणि आई खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी यायची. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची, हे आज्जी इतक्या रागानं सांगायची की जणू अमेरिकेनं मुद्दाम तसं बी पेरलं होतं. पुढे पाऊस पडला, त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. आज्जीच्या लेखी मात्र दुष्काळ उठलाच नाही. भाकरी करून झाली की काठवटीला लागलेलं पीठ ती बोटानं खरडून शेवटच्या चानकीत घालायची. ताटात शीत राहिलं तर म्हणायची, "आन्न हाय ते, पोरी. खाऊन माज, टाकून माजू नगं."

पण तिच्या घरात उरलेल्याला वाटेकरी होते. शिळी भाकरी सकाळी ताकात कुस्करून, वर मीठ आणि ठेचा घालून आम्हां पोरांना. त्यातूनही राहिली तर गाईला. कुत्रं दारातच बसलेलं. संध्याकाळी "वाढा, माय" अशी हाक यायची, तिच्यासाठी एक चतकोर बाजूला काढलेली असायची. टाकायचं नाही याचा अर्थ आज्जीनं स्वतः खायचं, असा होतच नव्हता. ती आयुष्यभर चिपाडासारखी राहिली.

लग्न होऊन पुण्याला आले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, माणसं सहा. दुसऱ्या मजल्यावर गोठा नसतो. सुरुवातीला उरलेलं भांडी घासणाऱ्या मावशींना द्यायची रीत होती. एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, ताजं असंल तर द्या." बरोबरच होतं त्यांचं. मग फ्रीज आला. फ्रीजमुळे काही संपत नाही, नुसतं पुढे ढकललं जातं, तेही झाकण नसलेल्या वाटीत. आणि ती वाटी तिथे आहे हे लक्षात ठेवायचं काम घरात एकाच माणसाचं असतं.

सासूबाई शेवटी जेवायच्या, म्हणून मीही त्यांच्याबरोबर शेवटी. शेवटी जेवणाऱ्या बाईला आपली भूक किती हे कधी कळतच नाही. तिचं ताट भुकेनं भरत नाही, पातेल्यांवरून भरतं. भाजी संपलेली असली तर लोणच्याशी पोळी, आणि उरलेली असली तर "आता काय ठेवायची एवढीशी". एक दिवस कमी, एक दिवस जास्त, आणि दोन्ही दिवस निर्णय तिचा नाही.

मग लेक झाली. लहान मूल म्हणजे उरलंसुरलं निर्माण करणारा कारखानाच. मऊ भात, तूप, मीठ, हिंग घालून कालवलेला. तीन घास तिच्या पोटात, एक गालाला, उरलेला माझ्या. नाचणीचं सत्त्व, तेच. शाळेत जायला लागली तशी डब्यातून पोळीची गुंडाळी परत यायची, एका टोकाला चावलेली, आत भेंडी सुकून गेलेली. संध्याकाळी चारला चहाबरोबर ती मी खायचे. दर आठवड्याला तूप कढवलं की तळाला राहिलेली बेरी, त्यात चमचाभर साखर. बेरी कुणाला आवडत नव्हती, म्हणजे ती माझीच. आणि हे सगळं करताना मनात खाण्याचा आनंद कमी आणि पुण्याचा भाग जास्त. एक मध्यम पोळी म्हणजे जवळपास शंभर कॅलरी. अर्धी पोळी, दोन घास भात, कढईतलं तेल आणि चमचाभर बेरी यांची बेरीज कुणीही करून पाहावी. मी केली नव्हती. अन्नाची कॅलरी मोजणं हेच मुळात आमच्याकडे अन्नाचा अपमान.

चाळिशीनंतर ब्लाउज बोलायला लागले. शिवणाऱ्या बाई आतल्या शिवणीला दोन्ही बाजूंनी माया सोडतात, ती एकेक टीप उसवत जायची. शेवटची टीप उसवली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, आता आत कापड नाही."

त्यानंतर मी सगळं केलं. कोबीचं सूप प्यायचा आठवडा केला. त्यात एक दिवस नुसती केळी आणि दूध असतं, तो दिवस आवडला. 2018 च्या सुमाराला महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गात शैव-वैष्णवांसारखे दोन पंथ पडले होते, ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही नको. त्याचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानात आहे, हे प्रत्येक दीक्षितपंथी दोन मिनिटांत सांगायचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका, आजीच्या स्वयंपाकघरात परत या. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत यावरून अबोला धरला गेला होता. एकीचं दोनदा जेवून आठ किलो उतरलं, दुसरी दर दोन तासांनी खाऊन छान तजेलदार झाली. म्हणजे दोन्हींत काही खोट नव्हती.

माझ्या ओट्याला मात्र दोन्ही मानवलं. पंचावन्न मिनिटं हा फार मोठा काळ आहे. त्यात आपलं जेवून, सगळ्यांचं आवरून, भाताचं पातेलं, आमटीची वाटी आणि कढई असं सगळं घड्याळाकडे बघत नीट निकालात निघतं. पुढे दर दोन तासांनी खायचं ठरवलं, तर फ्रीजमधल्या प्रत्येक वाटीला तिचा मुहूर्त मिळाला. कधी खावं आणि काय खावं, हे दोघांनीही सांगितलं होतं. उरलेलं कुणी खावं, हा प्रश्न त्यांच्याकडे कुणी नेलाच नसावा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एकदा वजनकाट्याकडे न बघता टेप काढली आणि कंबर मोजली. बायकांना ऐंशी सेंटिमीटर, पुरुषांना नव्वद. आपल्याकडे त्यापुढे गेलं की सावध व्हायचं. मग त्यांनी पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. 2004 साली दोघांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दिसायला सडपातळ, आतून साठवलेलं. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही अभ्यासली. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. बाळ एवढंसं, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. आईच्या पोटात टंचाई सोसलेलं शरीर पुढे सुकाळातही साठवत राहतं, असा एक विचार यामागे मांडला जातो. डॉक्टर हे सांगत होते आणि मला काठवट खरडणारी आज्जी दिसत होती. माझं शरीरही तिनंच वाढवलेलं. त्यालाही टाकवत नाही.

मग मी वही बंद केली आणि माझ्यापुरतं एकच ठरवलं. ओट्यापाशी उभं राहून काही खायचं नाही. खायचं ते ताटात घेऊन, बसून, सगळ्यांबरोबर.

ऐकायला सोपं आहे. पण हे ठरवल्याबरोबर घरातल्या सगळ्या गोष्टी हलायला लागल्या. सगळ्यांबरोबर बसायचं, तर गरम पोळी तव्यावरून ताटात पडणार नाही. पोळ्या आधी करून ठेवायच्या, तर किती करायच्या? मी विचारायला लागले. "किती पोळ्या खाणार?" सासूबाईंना ते लागलं. "पोळ्या काय मोजून करायच्या? खाणावळ आहे का ही?" त्यांचंही खोटं नाही. पोळ्या मोजणारं घर म्हणजे कद्रू घर, हे आमच्या दोघींच्या माहेरी सारखंच. शिवाय रात्री भांडं पार रिकामं ठेवू नये, एखादा घास तरी असावा, अवेळी कुणी आलं तर. मी म्हटलं, "अहो आई, आपल्याकडे रात्री दहानंतर शेवटचं कोण आलं होतं?" त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "तुझे मामेसासरे. मुंबई बंद होती तेव्हा." ते दंगलीतलं, बाबरीनंतरचं. त्या एका मामांसाठी मी किती वर्षं रोज रात्री दोन घास जास्तीचे शिजवले आणि खाल्ले, ते मी बोलले नाही. एक पोळी रात्री डब्यात राहील असं आमचं ठरलं. ती सकाळी त्या स्वतः दुधात कुस्करून घेतात. त्यांना ती आवडते, हे मला तेव्हा कळलं.

बाकी बदल किरकोळ. भाताचं पातेलं लहान आणलं. रवा-पोह्यांना वाटीचं माप आलं. जे उरतं ते आठवड्यातून एखाद्या सकाळी फोडणीची पोळी होऊन सगळ्यांच्या बशीत जातं, नुसत्या माझ्या नाही. लेक डब्यात उरवून आणायची तेव्हा ती गुंडाळी तिलाच दाखवायचे. आता ती कॉलेजात आहे आणि डबा विचारून नेते.

कढईवर उपाय सोपा निघाला. भाजी झाली की कढईतच थोडं पाणी फिरवून ते भाजीवर घालायचं. भाजीला रस चांगला येतो. बेरीत कणीक आणि गूळ घालून लाडू वळते, ते सगळे खातात. आणि तरीही कधीकधी काहीतरी ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातं. ते टाकताना हात अजून थबकतो. मी आधी बाहेर बघते, एखादं कुत्रं, एखादी गाय. सोसायटीत तीही मनाई आहे.

वजन उतरलं. झर्रकन नाही, आणि फोटो काढून कुणाला दाखवावं इतकंही नाही. पण शिवणाऱ्या बाईंकडे एकेक टीप परत आत गेली. पाळी गेल्यावर पोटाकडची चरबी हटायला फार त्रास देते असं सगळ्या म्हणतात, आणि देतेच. चालणं आहे, रात्रीचं लवकर जेवणं आहे. कुणी मैत्रीण विचारते, "काय केलंस गं?" तर मला सांगता येत नाही. "उभ्यानं खात नाही" हे ऐकून ती पुढच्या वाक्याची वाट बघते.

तिला सांगण्यासारखं वेगळंच आहे, पण ते आमच्या घरातलं. परवा रात्री मी ताट उचलून आत गेले, तर नवरा ओट्यापाशी उभा. हातात अर्धी पोळी, कढईत बोट. तिकडे वाटीत उरलेली आमटी होती, तीही त्यानं प्यायली. निवृत्त झाल्यापासून रात्रीची आवराआवर त्याच्याकडे आहे. डॉक्टरांची टेप त्याच्या कमरेला नव्वदच्या बरीच पुढे गेली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "मी तर दोनच पोळ्या खातो." त्याच्या वहीतही त्यानं तसंच लिहिलंय. मी म्हटलं, "अहो, ठेवा ते." तर म्हणाला, "एवढंसं तर आहे, कुठे ठेवतेस?"

संध्याकाळी कणीक भिजवण्याआधी मी त्याला अजूनही विचारते, किती पोळ्या. तो म्हणतो, "बघू."