दादीच्या तसबीहचा एक दाणा

दादीला दिसेनासं झालं त्याला 4 वर्षं झाली. नमाजनंतर ती तसबीह घेऊन बसते. 33 दाणे आणि वर इमाम. दाणे काचेचे, हातानं केलेले, त्यावर निळा मीना; पण चमक नाही, धुकं साचल्यासारखे. आमचे दादा मणियार. हिंगण्याच्या बाजारात बांगड्या विकायचे. हे मणी त्यांनी हाथरसकडच्या पुरदिलनगरहून मागवले होते, असं दादी सांगते.

मागच्या रमजानमध्ये दोरा तुटला आणि एक दाणा फुटला. दादांच्या जुन्या डब्यात तसाच निळा मणी सापडला, फक्त हा चकचकीत होता. मी ओवून दिला. मगरीबनंतर दादीचं बोट त्या दाण्यावर अडलं. म्हणाली, "ये दाना फिसलता है बेटा, गिनती चूक जाती है."

खरं सांगते, मला आधी राग आला. दिवसभर वर्गात पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि घरी आल्यावर हे! पण 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हमदुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. न दिसणाऱ्या माणसाचा हा हिशोब बोटावरच चालतो.

शहरात खिडक्यांच्या काचांवर नक्षी काढणाऱ्या एका कारागिराकडे गेले. तो म्हणाला, "अॅसिडात 5 मिनिटं, झालं काम." डब्यातला दुसरा एक मणी त्यानं बुडवून दाखवला. काच धुरकट झाली, पण मीना जागोजागी खाल्ला गेला, रंग फिका पडला. काच आणि मीना अॅसिडाला सारखे दाद देत नाहीत. शिवाय ते हायड्रोफ्लोरिक अॅसिड. काचच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतात. कातडीवर पडलं तर कधीकधी लगेच जळतही नाही. आत मुरतं, शरीरातलं कॅल्शियम धरतं, कळ नंतर उठते. कारागिराच्या दोन बोटांची नखं वेडीवाकडी होती. मी काही विचारलं नाही. मणी घेऊन परत आले.

धुरकटपणा म्हणजे तरी काय? पृष्ठभागावरचे असंख्य बारीक ओरखडे. त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो. ते घासूनही येतात. माहूरझरी इथून फार लांब नाही. तिथं हजारो वर्षांपूर्वी लोक अकीकाचे मणी घासूनच घडवत होते.

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या शेजारच्या भाईंनी पुडीभर कार्बोरंडम पावडर आणून दिली. आधी वॉटर पेपरवर एक मणी घासला, तर एका बाजूनं मीना उडून पांढरी काच दिसली. मीन्याचा थर कागदासारखा पातळ. मग दुसरा मणी झाडूच्या काडीत घट्ट बसवला, ओल्या फडक्यात पावडर घेऊन त्यात हलक्या हातानं फिरवत राहिले. पाणी आटू द्यायचं नाही. जुन्या मीन्यात शिसं असू शकतं, त्याची भुकटी नाकात जायला नको. तीन रात्री, पोरांच्या वह्या तपासून झाल्यावर. ओला असताना मणी पूर्वीसारखाच चमकायचा आणि जीव खट्टू व्हायचा. वाळला की धुकं दिसायचं.

दादीनं तसबीह हातात घेतली. त्या दाण्यावर थांबली, अंगठ्यानं दोनदा चोळला.

"यही है ना?"

"हो दादी."

"थोडा खुरदुरा है," ती म्हणाली, आणि पुढचा दाणा ओढला.