गेंड्याची चकती

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला तरंगणाऱ्या गोष्टींचा भरवसा वाटत नाही. कर्जदाराची आश्वासनं तरंगतात, साहेबांनी कबूल केलेली रजा तरंगते. खाली उतरेल तेव्हा खरी. म्हणूनच डिस्क गोल्फमधली ग्लाइड ही भानगड मला चटकन कळली.

हा खेळ मेहुण्याच्या चिरंजीवांनी मुळशीतल्या भरे गावी, म्हणजे माझ्या सासुरवाडीला आणला. नावाला गोल्फ, काठी नाही, चेंडू नाही. प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. कॅलिफोर्नियात १९७५ साली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी याचं पहिलं कायमचं मैदान आखलं. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच. आमच्याकडे साखळ्या म्हशीच्या आणि टोपली भाजीची.

पंचाईत अशी, की टोपलीमागे दहा पावलांवर शेजाऱ्यांचं आंबेमोहराचं भात. मधल्या बांधावरून सासऱ्यांचं नि त्यांचं बोलणं सहा वर्षं बंद. चकती भातात गेली तर आणायला जायचं कोणी?

चिरंजीवांच्या पिशवीत चकत्या पंधरा. प्रत्येकीचे आकडे चार: वेग, तरंग, वळण, आणि उजव्या हाताने सरळ फेकली तर शेवटी डावीकडे ढळणं. पोरं मोठ्या आकड्याला भुलतात. व्याजाच्या आकड्यालाही लोक असेच भुलतात आणि मग आमच्या खिडकीशी येऊन रडतात. वीस पावलांच्या फेकीला तरंग पाचची चकती घेतली, की ती जपून टाकावी लागते. जपून टाकताना हात कचरतो, आणि चकती वाऱ्याच्या नादी लागून टोपलीवरून पुढे जाते. तरंग कमी असला, की मोकळ्या हाताने मारावी. जोर संपला की मुकाट उतरते. वळण मात्र शून्य हवं.

ॲव्हियार ही नावाजलेली चकती: दोन, तीन, शून्य, एक. घराणं उत्तम. पण मी ऱ्हायनो उचलली: दोन, एक, शून्य, तीन. कड बोथट, वर अंगठ्यासाठी कंगोरा. ऱ्हायनो म्हणजे गेंडा, आणि गेंडा तरंगल्याचं कुणी ऐकलेलं नाही. डावीकडे ढळतो खरा. तेवढं आधीच उजवीकडे धरायचं. हिशोबात घेतलेला तोटा तोटा नसतो, हे आम्ही कॉमर्सवाले जाणतो.

गेल्या भाद्रपदात, गौरी जेवल्यावर, मी गेंडा सोडला. बांधाच्या अलीकडे, टोपलीच्या बुडाशी धप्पदिशी बसला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. बांधापलीकडे शेजारी उभे होते, हातात चिरंजीवांची पिवळी चकती, तरंग पाच.

"भातात आली व्हती," ते म्हणाले, आणि ती त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिली. फेकली नाही, दिली.

सासऱ्यांनी ती उलटीपालटी केली. "औंदा भात बरं दिसतंय तुमचं."

"पावसानं साथ दिली."

शेजारी बांधावर टेकले. घरातून चहाची हाक आली, तीही दोन कप जास्त धरून. माझा गेंडा टोपलीशी तसाच पडून होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.