दत्तक गाणे

पक्षी पाळणे म्हटले की सर्वसाधारणपणे पोपट वा कबुतरे डोळ्यांसमोर येतात. आमच्या केडगावच्या घरी मात्र गेली नऊ वर्षे फिंच नावाचे इवलेसे पक्षी सुखाने नांदत आहेत. आपल्या रानातल्या मुनियांशी त्यांचे जवळचे नाते आहे. मात्र रानमुनिया पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बाजारात रंग फासलेल्या मुनिया कोणी दाखविल्या तर त्या घेऊ नयेत, एवढे आरंभीच सांगितलेले बरे. आमचे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या घरात वाढलेल्या परदेशी जातींचे आहेत.

त्यांतला झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या खंडाच्या कोरड्या भागात पाऊस पडून गवताला बी धरले, की तो घरटे करतो. आमचा जिल्हाही अवर्षणाचा; तेव्हा हा पाहुणा आम्हांला कधी परका वाटला नाही. राळे हे त्याचे मुख्य अन्न. जोडीला कोथिंबीर, पिल्ले असताना उकडलेले अंडे आणि चुन्यासाठी समुद्रफेस. घरट्याकरिता पिंजऱ्यात लहानसे मडके टांगावे आणि सुके गवत वा काथ्या द्यावा. मादी चार ते सहा अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने ऊब देतात. साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि तीन आठवड्यांत मडके सोडतात. नराची चोच लालभडक व गाल नारिंगी असतात. गातो तो नरच.

दुसरी जात बंगाली फिंचची. नावात बंगाल असला तरी ही जात जपानात घडली. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून माणसाने ती पैदा केली. रानात ती कोठेच आढळत नाही. परक्याची अंडी उबविण्यात मात्र हिचा हात धरणारा पक्षी विरळा.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत आमची एक झेब्रा मादी चार अंडी घालून, पाचवे अडल्यामुळे दगावली. नर एकटाच मडक्यात बसून राही. पण त्याचे दाणापाण्याला उठणे अंड्यांना सोसणारे नव्हते. शेजारच्या पिंजऱ्यात बंगाली जोडी पोकळ अंड्यांवर बसली होती. आम्ही अंडी अलगद बदलली. तीन पिल्ले निघाली. त्या जोडीने त्यांना पोटच्यासारखे भरविले.

त्या तिघांत एक नर होता. तीन महिन्यांचा होता होता त्याला कंठ फुटला. रूप झेब्राचे, गाणे मात्र हुबेहूब बंगाली बापाचे! फिंचचे पिल्लू गाणे जन्मतः घेऊन येत नाही. साधारण पंचविसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत जवळच्या वडीलधाऱ्याचे ऐकून ते घडते. क्लाउस इमेलमान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात नेमके हेच दाखविले होते. अन्नासाठीची किलबिल रक्तातून येते, गाणे घरातून येते.

हे मी भाच्याला समजावून सांगत होतो. धाकट्या बहिणीच्या माघारी तो आमच्याकडे वाढतो आहे. तेव्हा दहा वर्षांचा होता. आधी तो म्हणाला, “मामा, हा चुकीचं गातोय.” मी म्हटले, “चुकीचं नाही रे, ज्याच्याजवळ वाढला त्याचं गातोय.” तो बराच वेळ पिंजऱ्यापाशी उभा राहिला. मग हळूच विचारले, “मग त्याला त्याच्या आईचं काहीच आलं नाही का?”

मला उत्तर सुचेना. स्वयंपाकघरातून माझी पत्नी हात पुसत आली. तिने त्याला पाखराचे पंख दाखविले, चोच दाखविली, गालांवरचा रंग दाखविला. “हे सगळं तिच्या घरचं आहे, बाळा,” ती म्हणाली. “तुझं कपाळ जसं तुझ्या आईचं आहे, तसं.” पोराने काही न बोलता कपाळाला हात लावून पाहिला.

पालनपोषण करणारांना वाटत असते की मुलाने जुने विसरावे, म्हणजे ते आपले होईल. पाखरू तसे सांगत नाही. त्याच्या अंगावर एका घरची खूण असते, कंठात दुसऱ्या घरची. आणि दोन्हींचे ओझे न होता ते मजेत गाते. पिल्ले कोणाला देताना आता मी एवढेच सांगतो, तीन महिने होईतो त्यांना गाणाऱ्या वडीलधाऱ्यापासून तोडू नका.

भाचा हल्ली माझ्या पत्नीला कधी मामी म्हणतो, कधी आई. आम्ही दोघेही ते दुरुस्त करीत नाही. बहिणीचा फोटो त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. पुसतो तो स्वतःच.