थंड होण्याचा हिशेब

गावी, डोंगरकड्याला गेले की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "का गं माय, औंढ्याकडं ते मोठं यंत्र व्हायलंय म्हणतेत, त्येच्यात तुझे तारे दिसतील का?" विचारणारे काका केळीचे बागायतदार. आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या या पट्ट्यात केळी आणि हळद यांवरच घरं चालतात. पण औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया येणार हे ठरलं, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि गुरुत्वीय लहरींचा विषय आमच्या ओसरीवरही येऊन बसला. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

काकांना मी खरं ते सांगते. नाही दिसणार. दुधाळ्याच्या माळावर चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील, आणि न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की भुजांतल्या लेझरला तो कंप कळेल. न्यूट्रॉन तारे शेवटच्या क्षणी सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात. मी ज्यांच्यावर काम करते ते श्वेतबटू आकाराने साधारण पृथ्वीएवढे, त्यामुळे इतकं जवळ येण्याआधीच ते एकमेकांना भिडतात. पालोमारच्या दुर्बिणीतून २०१९ मध्ये सापडलेली एक जोडी सात मिनिटांहून किंचित कमी वेळात फेरी पुरी करते, आणि ती आम्हाला ठाऊक असलेल्या सर्वांत वेगवान जोड्यांपैकी आहे. एवढी संथ लहर जमिनीवरच्या यंत्राला जमिनीच्याच थरथरीतून वेगळी काढता येत नाही. तिच्यासाठी युरोपीय अवकाश संस्था 'लिसा' तयार करते आहे. तीन यानं, एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर. उड्डाण २०३५ च्या सुमारास.

"मग तुझ्या ताऱ्यांचा उपयोग काय?" या पुढच्या प्रश्नाला मात्र मला तासभर तरी पाहिजे असतो.

सूर्यासारखा तारा इंधन संपलं की बाहेरचे थर सोडून देतो आणि मागे गाभा उरतो, तोच श्वेतबटू. सूर्याच्या निम्म्याहून थोडं अधिक वस्तुमान, पृथ्वीएवढ्या गोळ्यात. त्याला तोलून धरतो तो इलेक्ट्रॉनांचा दाब, आणि हा दाब उष्णतेवर अवलंबून नसतो. सगळी मेख इथे आहे. साधा तारा उष्णता गमावतो तेव्हा आकसतो, आकसला की पुन्हा तापतो, त्याचं वय सांगणं म्हणून अवघड. श्वेतबटू उष्णता गमावतो आणि फक्त थंड होतो. आतला गाभा लाखो अंशांवर जवळजवळ एकसारखा तापलेला, आणि त्याच्यावर हायड्रोजन-हेलियमचा पातळ थर वाकळीसारखा पांघरलेला. उष्णता किती वेगाने बाहेर पडणार हे ती वाकळ ठरवते. म्हणजे आजचं तापमान आणि वस्तुमान नीट कळलं, तर हा गोळा केव्हापासून निवतो आहे ते काढता येतं.

'नीट कळलं' या दोन शब्दांत माझी नोकरी आहे. लडाखमधल्या हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवता येते. तिथे बसून घेतलेला वर्णपट हाती आला की मी आधी तो नुसत्या डोळ्यांनी बघते, संगणकाकडे नंतर वळते. हायड्रोजनच्या रेषा ४८६१, ४३४०, ४१०२ अँगस्ट्रॉम अशा निळ्या टोकाकडे दाटत जातात. अभिजितसारख्या ताऱ्यात त्या बारीक, सुट्या असतात, कितीतरी मोजता येतात. श्वेतबटूत त्या रुंद, पसरट, आणि पाच-सहा रेषांनंतर सगळंच एकमेकांत मिसळून जातं. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या लाखपट. वायू इतका दाबला गेलेला की शेजारच्या कणांची विद्युतक्षेत्रं अणूच्या ऊर्जापातळ्या विस्कटून टाकतात. रेषा किती पसरली यावरून गुरुत्व, गुरुत्वावरून वस्तुमान. रेषेच्या मधल्या खळग्याला फारसं विचारायचं नसतं. खरी साक्ष तिच्या दोन्ही बाजूंच्या पंखांत असते, जिथे ती हळूहळू भोवतालच्या उजेडात विरते.

आणि नेमके हे पंखच लवकर बिघडतात. चांदण्या रात्री आकाशाचा उजेड वजा करताना हात जरा हलका पडला, तर चंद्रावरून परतलेल्या सूर्यप्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा माझ्या ताऱ्याच्या रेषांत मिसळतात. तरंगलांबीसाठी दिव्याचा वर्णपट वेळच्या वेळी घेतला नाही, तर दुर्बीण कलल्याने सगळंच किंचित सरकतं. मग वस्तुमान थोडं चुकतं आणि वय खूप चुकतं. कारण त्या वयात मूळ ताऱ्याचं आयुष्यही मिळवायचं असतं, आणि ते वस्तुमानाप्रमाणे फार झपाट्याने बदलतं. सिद्धान्ताची मला मनापासून ओढ आहे, तरीही या धंद्यात माणूस ओळखला जातो तो आकाश वजा करण्यावरून, असं माझं पक्कं मत आहे.

उपयोगाचा पहिला दाखला इथूनच निघतो. हबल दुर्बिणीची प्रकाशमापनाची पट्टी तीन श्वेतबटूंवर बेतलेली आहे: जी१९१-बी२बी, जीडी ७१ आणि जीडी १५३. तप्त, वातावरणात जवळपास निव्वळ हायड्रोजन, म्हणून त्यांचा प्रकाश किती असायला हवा हे कागदावर काढता येतं. दूरच्या १ए प्रकारच्या अतिनवताऱ्यांची तेजस्विता अशाच पट्ट्यांवर मोजतात, आणि विश्वाचं प्रसरण वेगावतं आहे हे १९९८ मध्ये त्यांच्यावरूनच कळलं. ते अतिनवतारे स्वतः फुटलेले श्वेतबटूच.

दुसरा दाखला मला अधिक प्रिय आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींना पुढे २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये ते तरुण होते, आणि पल्सारच्या, म्हणजे स्पंदणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, जोडीदारांचा दृश्य प्रकाशात शोध घेत होते. न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र काही दशलक्ष वर्षांत विझत जातं, असं तेव्हा बरेच जण धरून चालत. पल्सार ०६५५+६४ चा जोडीदार त्यांना सापडला तो एक थंड श्वेतबटू. इतका थंड की त्याचं वय अब्जाच्या घरात जावं. शेजारचा पल्सार त्याच्याही आधी जन्मलेला, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र शिल्लक. मग ते काही दशलक्ष वर्षांत पुरतं विझतं असं कसं म्हणायचं? न्यूट्रॉन ताऱ्याला स्वतःचं वय सांगता आलं नाही, ते त्याच्या निवलेल्या सोबत्याने सांगितलं. दुधाळ्याच्या यंत्रात उद्या जे न्यूट्रॉन तारे नोंदले जातील, त्यांच्या जातभाईंचा इतिहास असा आमच्याकडून गेलेला आहे. काकांना मी हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात आणि थंड किती, हे विचारतात. पृष्ठभागावर काही हजार अंश.

आपल्या आकाशगंगेच्या चकतीचं वयही याच वाटेने आलं. १९८७ मध्ये डॉन विंगेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मंद श्वेतबटूंची संख्या एका ठिकाणी एकाएकी तुटते. त्याहून थंड जवळपास नाहीतच, कारण तेवढं निवायला अजून वेळच मिळालेला नाही. हिशेब नऊ अब्ज वर्षांच्या आसपास आला.

इतकं सगळं ज्या घड्याळावर सोपवलं, ते मध्येच थांबत असेल तर? गेली काही वर्षं मला दुसरं काही सुचत नाही. गाभा निवता निवता गोठतो, त्याचे स्फटिक होतात आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. ह्यू व्हॅन हॉर्न यांनी हे १९६८ मध्ये सांगितलं होतं, आणि गाया उपग्रहाने मोजलेल्या अंतरांमधून २०१९ मध्ये त्याचा पुरावा मिळाला. गोठण्यामुळे उशीर होणार हे हिशेबात होतंच. पण त्याच वर्षी सिहाओ चेंग आणि सहकाऱ्यांना जड श्वेतबटूंत जवळपास सहा टक्के असे दिसले, की त्यांच्या निवण्याला तब्बल आठ अब्ज वर्षांचा जादा विलंब झालेला असावा. २०२४ मध्ये त्यामागची एक पटणारी कारणमीमांसा आली. काही ताऱ्यांत तयार होणारे स्फटिक भोवतालच्या द्रवाहून हलके असतात. ते वर तरंगतात, निऑनने जड झालेला द्रव खाली उतरतो, आणि त्या उतरण्यातून सुटणारी ऊर्जा ताऱ्याला अब्जावधी वर्षं ऊबदार ठेवते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. भीतीने नव्हे. विझलेला म्हणून ज्याच्यावर विसंबलो, त्याच्या पोटात एवढी हालचाल चालू होती!

हे सहा टक्के कोणते, ते वर्णपट सांगत नाही. तापमान तेच, रेषा त्याच, पंखही तेच. चेंग यांना ते वेगावरून कळले. तारे जसे म्हातारे होतात तशा चकतीतल्या त्यांच्या चाली विखुरत जातात, काहींचे वेग फार वाढतात. एकट्या ताऱ्याचं वय यावरून ठरत नाही, समूहाचं ठरतं. म्हणून जड श्वेतबटूच्या वयाचा आकडा घेऊन कुणी विद्यार्थी माझ्याकडे आला की हल्ली मी आधी गायाचा वेगांचा तक्ता मागते, आणि वर्णपट त्यानंतर उघडते.