वेळ कुठे गेला?

उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. मी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझ्या वहीत या दोघींची गाठ रोजच पडते. गेले काही महिने मुलांसाठी एक शब्दयादी करतेय. अर्ज, हजर, जमीन, कायदा असे दोन्हीकडचे शब्द. 'दप्तर' मात्र मराठी मुलाच्या पाठीवर असतं आणि उर्दूत ते ऑफिस असतं. अशा गमतीही त्यात आहेत.

ही यादी मी इमॅक्समध्ये लिहिते. हा फुकट मिळणारा जुना टेक्स्ट एडिटर मुख्यतः प्रोग्रामर वापरतात. 2012 मध्ये आलेल्या त्याच्या 24व्या आवृत्तीपासून दोन्ही दिशांची लिपी एका ओळीत नीट दिसते. हे काम प्रामुख्याने एली झारेत्स्की यांचं. माझ्यासारखीवर त्यांचे उपकारच आहेत.

एके दिवशी एडिटर अडकू लागला. अक्षर टाइप करावं आणि ते उमटायची वाट पाहावी. इमॅक्समध्ये वेळ कुठे खर्च होतो हे दाखवणारं 'प्रोफायलर' नावाचं साधन आहे, ते मी चालू केलं. वर्गात अधूनमधून डोकावणाऱ्या पर्यवेक्षकासारखं ते काम करतं. दर क्षणाला आत बघायचं, कोण काम करतंय ते टिपायचं आणि शेवटी टक्केवारी काढायची.

कल्पना छान, पण अहवाल वाचणं कठीण. आकडे सेकंदांचे नाहीत, किती वेळा डोकावलं त्याचे आहेत. सगळं मिटलेल्या झाडासारखं समोर येतं आणि एकेक फांदी हाताने उघडावी लागते. खोल जावं तशी नावं उजवीकडे सरकतात आणि माझ्या जुन्या आवृत्तीत शेवटी कापलीच जातात. अहवाल मागवण्यासाठी मी जी आज्ञा टाइप केली, तिचा वेळही त्याच हिशेबात धरलेला! पर्यवेक्षकाने स्वतःच्या चहाचा वेळ वर्गाच्या नावावर लिहावा, तसं.

चुकीच्या फांद्या उघडण्यात अर्धा तास गेल्यावर खरी ओळ दिसली. 'रीडिस्प्ले इंटर्नल, सी फंक्शन', 80 टक्क्यांच्या वर. उघडून पाहिलं तर आत फारसं काही नव्हतं. म्हणजे पडदा पुन्हा पुन्हा रंगवण्यात वेळ जातोय, एवढंच कळलं. का जातोय, कोणत्या मजकुरामुळे जातोय, याबद्दल एक शब्द नाही. हिशेब खरा होता, पण तो एडिटर बनवणाऱ्यांच्या भाषेत होता.

मग जाणकारांचे सल्ले शोधले. एक उपाय वारंवार दिसला: परिच्छेदाची दिशा कायमची डावीकडून उजवीकडे ठरवून टाका, एडिटर हलका होईल. ज्यांना फक्त इंग्रजी लिहायचंय त्यांच्यासाठी ठीकच आहे. मीही करून पाहिलं. उर्दू शब्द शाबूत राहिले, पण वाक्याची सुरुवातच चुकीच्या बाजूला गेली, पूर्णविराम भलतीकडे. वेग हवा असेल तर उर्दूने पाहुण्यासारखं मराठीच्या बाजूने बसावं, असा तो सौदा. सल्ला देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्यासारखं कुणी हे वापरत असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं, इतकंच. तरी लागलं मनाला.

खरं कारण साधं निघालं. स्प्रेडशीटमधून यादी आणताना ओळींचे तुकडेच गायब झाले होते आणि सगळी यादी एकाच लांबलचक ओळीत आली होती. लांब ओळी हे इमॅक्सचं जुनं दुखणं आहे. 2023 च्या 29व्या आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला, पण माझ्याकडे ती नव्हती. मी प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणला आणि एडिटर पळू लागला. दिशा पूर्ववत केली. उर्दूचा काही दोष नव्हता.

'ओळ फार लांब आहे' एवढं अहवालात असतं, तर माझी संध्याकाळ वाचली असती.

त्याच आठवड्यात प्रगतिपुस्तकं भरत होते. एका मुलाच्या रकान्यात सवयीने लिहिलं, 'वाचनात सुधारणा आवश्यक.' पेन थांबलं. हाही तसाच हिशेब की! खरा, पण त्याच्या अम्मीला काय करायचं ते न सांगणारा. खोडलं आणि लिहिलं, 'जोडाक्षरांवर अडखळतो. रोज दहा ओळी मोठ्याने वाचून घ्याव्यात.'