लिटरभर पाणी

शाळेची सहल रत्नागिरीला गेली होती. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय पाहून माझी धाकटी मुलगी घरी आली आणि तिने हट्ट धरला, "आपल्या घरात समुद्र पाहिजे." गोड्या पाण्यातला गोल्डफिश तिला नको होता. तिला खडक हवा होता, लाटा हव्या होत्या आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश हवा होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. माशांशी माझा संबंध ताटापुरता. तरी महिनाभर वाचन केले, वहीत टिपणे काढली आणि ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच अशी काचेची टाकी आणली. खडक वगैरे धरून त्यात साधारण ८० लिटर पाणी मावले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून मत्स्यालयाचे खास मीठ जवळजवळ तीन किलो लागले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात बाकीचे क्षार नसतात. नळाचे पाणीही नको. त्यातले क्लोरीन माशांना आणि तांब्याचा अंश कोळंबी-खेकड्यांना घातक. आरओचे पाणी घेतले. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण आणली. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायचे आणि आकडा वाचायचा.

प्रवाळ मात्र आणले नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळ आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्यालाही. एका दुकानदाराने "गुपचूप देतो" म्हटले. मी नको म्हणालो. मुलीला सांगितले, आपला खडक साधाच राहील. मासे मात्र हौदात पैदास केलेलेच घेतले. क्लाऊनफिशची अशी पैदास करण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे.

पाणी भरले, पंप लावला, पण मासा लगेच सोडायचा नव्हता. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढता येते. हे जीवाणू खडकावर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खाद्य म्हणून मी कोळंबीचा एक तुकडा टाकीत टाकला. पत्नी म्हणाली, "कोकणात राहून कोळंबी कालवणात घालायची सोडून सडवणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय." पाच आठवडे आम्ही रिकाम्या टाकीकडे पाहत बसलो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा दोन क्लाऊनफिश आले. महिन्याने लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आली. मुलीने काचेला हात लावला की ती मिशा हलवत पुढे यायची.

आता अब्बांविषयी सांगतो. अब्बांनी २८ वर्षे बोटीवर, इंजिन रूममध्ये नोकरी केली. अम्मी गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत. नमाज, पेपर आणि अंगणातली खुर्ची एवढेच त्यांचे जग उरले होते. टाकी आल्यावर मात्र ते संध्याकाळी तिच्यासमोर बसू लागले. एप्रिलमध्ये पेपर तपासणीचा ढीग माझ्यापुढे पडला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अब्बा, उन्हाने पाणी उडतंय. रोज कॅनमधलं लिटरभर टाका." एवढे सांगून मी वर्गात गेलो.

टाकीजवळ दोन कॅन होते, दोन्ही पांढरे. एकात आरओचे गोडे पाणी, दुसऱ्यात आठवड्याच्या बदलासाठी कालवलेले खारे. मी कोणत्या कॅनमधले ते सांगितलेच नव्हते. पाणी उडते तेव्हा फक्त पाणीच उडते, मीठ टाकीतच राहते. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची असते. अब्बांनी तीन आठवडे खारे घातले. त्या दिवसांत मी पाणी बदलले नाही की एकदाही मोजले नाही.

एका संध्याकाळी मुलगी रडत आली. कोळंबी खडकाखाली आडवी पडली होती. मी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला. आकडा ४४ होता. कॅन पाहिले आणि माझ्या तोंडून गेले, "अब्बा, एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

अब्बा काही बोलले नाहीत. उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी ते टाकीसमोर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. वर्गात एखाद्या मुलाला उदाहरण जमले नाही, तर मी तीनदा समजावतो. घरात मी एकदाही समजावले नव्हते. फजरनंतर त्यांच्याजवळ जाऊन बसलो, माफी मागितली आणि चूक कशी झाली ते सांगू लागलो. वाफ, मीठ, गोडे पाणी. अब्बांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "बोटीवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून आम्ही प्यायचं पाणी काढायचो. मीठ मागेच राहतं, हे मला ठाऊक आहे."

"मग खारं का घातलंत?"

"तू कॅनमधलं म्हणालास, मी पुढचा कॅन घेतला. वाटलं, मास्तरांनी वाचलंय, त्यांचा काही हिशोब असेल. मला कोण विचारतंय?"

मला काही उत्तर सुचले नाही.

४४ वरून एकदम ३५ वर आणले तर माशांना धक्का बसतो. त्यामुळे रोज दोन लिटर खारे पाणी काढून तेवढेच गोडे घालायचे ठरले. हा हिशोब अब्बांनी केला, पेपरच्या कडेवर, पेन्सिलीने. आठ-नऊ दिवसांत आकडा खाली आला. दोन्ही मासे वाचले. गोड्या पाण्याच्या कॅनला अब्बांनी निळी सुतळी बांधली.

आता टाकीजवळ शाळेची एक जुनी वही असते. तीत रोजची तारीख, खारेपणा आणि उष्णता अब्बा उर्दूत लिहितात. मुलगी शेजारी बसून आकडे वाचते. त्या निमित्ताने तिचे उर्दू वाचनही सुधारले आहे. काल पंपाचा आवाज बदलला होता. मी पुस्तक उघडायला गेलो आणि थांबलो.

"अब्बा," मी विचारले, "हा आवाज कशाचा असेल?"

ते खुर्ची सरकवून जवळ आले आणि पंपावर कान ठेवला.