बारा जीबी की आठ जीबी?

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात ग्राफिक्स कार्ड येणार, ही बातमी बहुतेकांच्या कानावर गेली आहेच. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्याजवळच्या दोन कार्डांपैकी कोणतेही एक शाळेला देऊ केले. अट एकच घातली : "कोणते हवे आणि का हवे, हे मुलांनी स्वतः ठरवून लेखी कळवावे." संगणकाच्या बाईंनी हे काम अकरावीच्या आम्हा सहा जणांवर सोपवले. आमच्यापैकी चौघांच्या घरी संगणक नाही. शाळेतले यंत्र हाच आमचा आधार, त्यामुळे ही निवड आम्ही फार मनावर घेतली.

काम आधीच ठरलेले होते. इंदूरच्या राजवाड्याची त्रिमितीय प्रतिकृती आम्ही ब्लेंडर या मोफत प्रणालीत तयार करत आहोत. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ साली लागलेल्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला. आज उभी असलेली नक्षी तरी जवळून पाहता यावी, एवढी आमची इच्छा आहे.

दोन्ही कार्डे एनव्हिडिया कंपनीची. एक जीफोर्स आरटीएक्स ३०६०, फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलेले. दुसरे आरटीएक्स ४०६०, जून २०२३ मधले. वर्गात सहज विचारले तर बहुतेकांनी ४०६० ला हात वर केला. नवे कार्ड आणि मोठा आकडा, मग विचार कसला?

आम्ही दोघांची माहिती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. गणिते करणाऱ्या लहान घटकांना कूडा कोअर म्हणतात. ते ३०६० मध्ये ३५८४ आहेत आणि ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्या कार्डात ते कमीच! पण वेग पाहिला तर ३०६० चा १७७७ मेगाहर्ट्झ आणि ४०६० चा २४६०. प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन गणिती क्रिया करू शकतो. कोअर गुणिले दोन गुणिले वेग, असा हिशेब मांडला तर ३०६० ला सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया येतात आणि ४०६० ला १५.१ लाख कोटी. कामगार कमी, पण हात चपळ. खेळांच्या प्रसिद्ध चाचण्यांत ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे असते, ते या हिशेबाशी जुळते. ब्लेंडरच्या चाचण्यांतही तेच पुढे आहे.

मग स्मृतीकडे वळलो. ३०६० ला १२ जीबी, ४०६० ला ८ जीबी. स्मृतीपर्यंतचा रस्ता ३०६० मध्ये १९२ बिट रुंद, ४०६० मध्ये १२८ बिट. १९२ गुणिले १५ भागिले ८ म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. १२८ गुणिले १७ भागिले ८ म्हणजे २७२ जीबी. अरुंद रस्त्याची भरपाई ४०६० दुसऱ्या मार्गाने करते. त्याच्या चिपवरच २४ एमबी कॅश आहे, ३०६० वर ती फक्त ३ एमबी. आपला पोहेवाला शेव, कांदा आणि जीरावन हाताशी ठेवतो, दर बशीला कोठीत जात नाही, तसेच हे. पण हाताशी थोडे ठेवल्याने कोठी काही मोठी होत नाही.

आमचा प्रश्न कोठीचाच होता. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे छायाचित्र डिस्कवर चार-पाच एमबीचे दिसते, पण कार्डाच्या स्मृतीत उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरून ६४ एमबी जागा घेते. आमच्या प्रतिकृतीत दगड, लाकूड, खांब, झरोके असे ४० पृष्ठभाग आहेत. प्रत्येकाला रंग, उंचसखलपणा आणि चकाकी यांची तीन चित्रे लागतात. १२० गुणिले ६४ म्हणजे ७६८० एमबी, साडेसात जीबी. ८ जीबीच्या कार्डात वाड्याच्या आकारासाठी आणि पडद्यासाठी जेमतेम अर्धा जीबी उरतो. जागा संपली की संगणकाच्या मुख्य स्मृतीचा आधार घ्यावा लागतो आणि काम रखडते, नाहीतर थांबते. त्यात ४०६० मुख्य संगणकाशी आठ मार्गिकांनी जोडले जाते, ३०६० सोळा मार्गिकांनी. आपल्या शाळेचा संगणक जुन्या, तिसऱ्या पिढीच्या जोडणीचा आहे. तेथे आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ जीबीच जातात, सोळांतून १६.

आमच्यातल्या एकीने रास्त मुद्दा काढला. चित्रांची लांबी-रुंदी निम्मी केली तर जागा चौथाईवर येते, आणि वेगवान कार्ड घेता येते. तसे करूनही पाहिले. लांबून वाडा तसाच दिसतो, पण खांबाजवळ गेले की नक्षी पुसट होते. ज्या नक्षीसाठी हा खटाटोप, तीच जायची!

म्हणून आम्ही ३०६० मागितले. ते हळू आहे, हे आम्ही पत्रात स्पष्ट लिहिले. हळू काम रात्रभर चालवून पुरे करता येते. जे मावतच नाही, त्याचे काय करणार?

येथे माननीय विश्वस्तांना एक विनंती. परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत काही रात्री हा संगणक चालू ठेवू द्यावा. पूर्ण ताणात ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. बारा तासांत हा फरक पाऊण युनिटाच्याही आत आहे. काम जास्त वेळ चालेल, हेही आम्ही लपवत नाही.

घरी कार्ड घेणाऱ्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलांना मुख्यतः खेळ आणि चित्रफितींचे संपादन करायचे असेल, तर या दोघांत ४०६० बरे. वेग जास्त, वीज कमी. २०२५ साली ५०६० आले, त्याचीही स्मृती ८ जीबीच आहे. आणि ३०६० घेताना खोके नीट वाचा. २०२२ मध्ये त्याच नावाने ८ जीबीचे, १२८ बिटांचे कार्डही निघाले. नाव तेच, कोठी निराळी. दुकानात जाण्यापूर्वी मुलांना जवळ बसवून काम कोणते ते विचारा, आणि वरचा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या.